पहिल्या पंगतीला बसलेल्या बायका

सणाच्या दिवशी हॉटेलात जेवायला जाणाऱ्यांबद्दल लोक काय बोलतात ते मला पाठ आहे. ‘घरची चूल बंद ठेवून कसला सण?’ ‘आमच्या आईनं असं कधी केलं नाही.’ ‘बायकांना आता चार पोळ्या लाटायचासुद्धा कंटाळा.’ हे मी शेजारणींकडून ऐकलंय, गाडीत ऐकलंय, माझ्या सख्ख्या नणंदेच्या तोंडून ऐकलंय. मी मुलुंड पूर्वेच्या एका मराठी थाळीच्या हॉटेलात पोळ्यांचं काम बघते. गुढीपाडवा, दसरा, दिवाळीचा पाडवा, भाऊबीज हे माझे दिवस भटारखान्यात जातात. त्या दिवशी दारातून कोण आत येतं, कोण कुठल्या खुर्चीवर बसतं आणि कोणाच्या ताटात पहिली पोळी पडते, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. म्हणून या विषयावर मला बोलायचं आहे.

पाडव्याचं काम आदल्या दिवशी दुपारीच सुरू होतं. हरभऱ्याची डाळ निवडून, धुऊन ठेवायची. चक्का आलेला असतो, तो साखर घालून फेटून मुरायला ठेवायचा. कोथिंबिरीच्या जुड्या निवडायला दोन मुलं बसतात, कारण कोथिंबीर वडीशिवाय पाडव्याचं ताट पूर्ण झालं असं आमच्याकडे कोणी मानत नाही. सिलिंडर मोजून भिंतीशी लावून ठेवायचे. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा, हॉटेलचा १९ किलोचा, आणि पाडव्याला तोही बघता बघता संपतो. मग रात्री घरी जाऊन दोन-तीन तास पाठ टेकायची आणि पहाटेच्या पहिल्या गाडीनं भांडुपहून निघायचं. नाहूर, मग मुलुंड. त्या गाडीत फुलवाल्या असतात, दूधवाले असतात, झेंडूची पोती असतात.

पुरण मात्र आदल्या दिवशी शिजवायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी मालकांकडून मान्य करून घेतला आहे. शिळ्या पुरणाला एक आंबूस वास येतो. मार्चअखेरच्या उकाड्यात तर येतोच. डाळ पहाटे शिजायला पडते. वर येणारा फेस काढत राहायचं, डाळ बोटानं सहज चिरडली गेली की कट गाळून आमटीसाठी बाजूला काढायचा. मग गूळ. गूळ पडला की सगळं पातळ होतं, आणि नवीन बाई असली की घाबरते. घाबरायचं नाही, ढवळत राहायचं. उलथणं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. वेलची, जायफळ घालून गरम आहे तोवरच यंत्रातून काढायचं. निवलं की डाळीचा कण राहतो, आणि पोळी लाटताना बरोबर त्या कणापाशी फाटते. कणकेत थोडा मैदा, चिमूटभर हळद, मीठ, तेल. कणीक सैल हवी, हाताला ओघळेल इतकी, आणि तेलाखाली मुरलेली हवी. पुरण घट्ट आणि कणीक मऊ, किंवा पुरण सैल आणि कणीक घट्ट झाली की पोळी बिघडली. दोघांचा सैलपणा जुळला की उंडा लाटताना पुरण आपोआप काठापर्यंत पळतं. काठ कोरडा राहिलेली पोळी मी बाहेर जाऊ देत नाही.

आम्ही चौघी असतो. दोघी लाटायला, एक भाजायला, एक उंडे भरायला. दीड-दोन तासांनी जागा बदलतो, कारण भट्टीच्या तव्यापुढे त्याहून जास्त वेळ उभं राहवत नाही.

साडेअकराला जेवायला पहिली माणसं येतात. ती शोभायात्रेतून येतात. पाडव्याची ही स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ साली गणेश मंदिर संस्थानानं सुरू केली आणि तिथून ती ठाणे, मुलुंड, पार्ले, गिरगाव, बोरिवली अशी सगळीकडे पसरली. पहाटे उठून नऊवारी नेसायची, नथ, फेटा, ढोल, लेझीम, कोणी बुलेटवर. गर्दीतून, उन्हातून चालून अकराला घरी परतायचं. मला सांगा, त्या घरात त्या दिवशी पुरण कोण शिजवणार? पूर्वी पाडव्याच्या सकाळी बाई स्वयंपाकघरात असायची आणि गुढी उभारायला तिला बाहेर हाक मारायचे. आता ती रस्त्यावर ढोल वाजवते. दोन्ही एका वेळी होत नाही. पाडव्याच्या जेवणानं घराबाहेर पाऊल टाकलं त्याला बायकांच्या कंटाळ्यापेक्षा ही यात्रा जास्त कारण झाली, असं माझं निरीक्षण आहे. आणि मला ते ढोल वाजवून लाल झालेले तळहात ताटावर बघायला फार आवडतात.

दुसरी मंडळी एकच्या पुढे येते. ही पांगलेली कुटुंबं. थोरला भाऊ डोंबिवलीला, धाकटा विरारला, बहीण अंधेरीला, आणि आई-वडील मुलुंडला, तेही इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे सध्या भाड्याच्या घरात. तिथे बारा माणसं पाटावर काय, उभीसुद्धा राहू शकत नाहीत. पूर्वी अंधेरीहून मुलुंडला यायचं म्हणजे दादरला जाऊन गाडी बदलायची, सणाचा अर्धा दिवस त्यातच. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीची बहीण घाटकोपरला उतरून सरळ मुलुंडची गाडी पकडायला लागली. अशा घरांना सगळ्यांना सोयीचं एक टेबल लागतं. त्यांचा सण त्या टेबलाभोवती जमतो. ती माणसं एकमेकांना भेटतात तेव्हा दारात जो गलका होतो, तो भटारखान्यापर्यंत ऐकू येतो.

एका पाडव्याला अशाच एका मोठ्या टेबलावरून निरोप आला की पोळ्या करणाऱ्या बाईंना बोलवा. तक्रार असेल म्हणून कॅप्टन धास्तावला. मी पदराला हात पुसत दारापर्यंत गेले, तर ज्यांनी बोलावलं त्या आजी स्वतःच उठून आल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, जुनी पैठणी, केसांत अबोली. बसायला सांगितलं तरी बसेनात. त्या आधीही बसत नव्हत्या म्हणे. वाढप्याच्या हातातलं तुपाचं भांडं घेऊन नातवंडांना वाढायला निघाल्या होत्या, सुनेनं धरून खुर्चीत बसवलं होतं.

“बाई, पोळ्या तुम्ही करता?”

“आम्ही चौघी आहोत, आजी. गोड झालीय ना?”

“गोडाचं नाही हो. मी सांगू का, माझ्या घरात मी कायम शेवटी बसले. आधी मुलं, मग पुरुष, मग पाहुणे, मग जावा. माझी पाळी येईपर्यंत पोळ्या परातीत एकावर एक रचून वाफेनं ओल्या झालेल्या असायच्या. इतकी वर्षं पोळ्या केल्या, पण तव्यावरनं उतरलेली पोळी आपल्या ताटात पडली की अशी लागते, हे विसरले होते. लग्नाआधी आईनं वाढली होती तशी.”

मी त्यांना परत नेऊन बसवलं आणि आणखी एक पोळी स्वतः नेऊन वाढली. वर तूप, बाजूला वाटीत दूध. त्यांनी नको म्हटलं नाही.

आमच्या हॉटेलात सगळे एकाच वेळी बसतात. सासू, सून, लेक, जावई, सगळे. कोणी मागं राहून वाढत नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जी बाई सणाचा स्वयंपाक करत होती ती सणाच्या पहिल्या पंगतीत नव्हती. सण तिच्या हातून व्हायचा आणि तिच्या वाट्याला उरलेला यायचा. ‘घरच्या सणाची’ आठवण काढून जे हळहळतात, त्यांनी त्या पंगतीत आपली आई कुठे बसली होती ते एकदा आठवून बघावं.

माझी स्वतःची आई लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली. गिरणीत काम करणारे कोकणातले, साताऱ्याचे, कोल्हापूरचे गडी. बायको-मुलं गावी आणि हा इथे गाळ्यात पाळीनं झोपणारा. तो आमच्याकडे जेवायचा, पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचा. सणाला गावी जाता आलं नाही की त्याचा सण आमच्याच खोलीत व्हायचा. पाडव्याला आई पुरण घालायची, होळीला घालायची, दसऱ्याला श्रीखंड. खानावळीचे हे मेंबर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून यायचे. एकजण दरवेळी पहिला घास कपाळाला लावायचा, ते मला अजून दिसतं. हे सगळं पैसे देऊन घेतलेलं जेवण होतं, पण त्यातला एकही माणूस आपण सण साजरा केला नाही असं म्हणाला नसता. मुंबईचा मराठी कामगार घराबाहेर, परक्या बाईच्या हातची पुरणपोळी खाऊन सण करत आला आहे, उपनगरांत थाळीची हॉटेलं निघण्याच्या कितीतरी आधीपासून.

आणि आईच्या कामाला दाम होता. तो किती थोडा होता आणि तिला त्यासाठी काय काय करावं लागे, ते वेगळं. वाण्याची उधारी असायची, अडीनडीला डोरलं गहाण पडायचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणायला, त्यांना सावकाराकडून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. स्वयंपाक करणारी बाई ही कष्टकरी आहे, तिच्या श्रमाला मोल आहे, हे त्या वेळी कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. मेंबर एकेक करून गावी गेले, काहींची बाकी राहिली ती राहिलीच, आईनं ती कधी मागितली नाही. आम्ही भांडुपला आलो. पण ताट वाढून पैसे घेण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट मी त्या खोलीत शिकले.

आता लोक विचारतात त्या नैवेद्याबद्दल. आमच्या हॉटेलच्या दारात सकाळी गुढी उभी राहते. काठीला रेशमी खण, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर तांब्या. पहिलं ताट तिला जातं. ताट वाढायची पद्धत इथे मोडत नाही. वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरण-भाताची मूद आणि तिच्यावर तूप. तो नैवेद्य झाल्याशिवाय गिऱ्हाइकाचं पहिलं ताट वाढलं जात नाही. आणि बरीच घरं तर मधला मार्ग काढतात. अकराला येऊन मोजून पोळ्या आणि कटाची आमटी पार्सल नेतात, भात-वरण, बटाट्याची भाजी घरी करतात, घरच्या देवापुढे घरच्या ताटात नैवेद्य दाखवतात. सगळं घरी किंवा सगळं हॉटेलात, असं दोन टोकांना कोणी उभं नसतं. पुरण तेवढं अवघड पडतं, ते माणसं बाहेरून आणतात. श्रीखंड आणायला लागली तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं.

हॉटेलातल्या सणात काय हरवतं, तेही सांगायला हवं, कारण ते मी दर सणाला बघते. निवांतपणा हरवतो. पाडव्याला बाहेर खुर्च्या लावून माणसं नंबराची वाट बघत असतात, आणि आत बसलेल्यांना ती काचेतून दिसतात. पोटभर झालं की पानसुपारी, गप्पा, सतरंजीवर कलंडणं, यातलं काही नाही. दुसऱ्या दिवशीची शिळी पोळी दुधात कुस्करून खाण्यात जे सुख आहे तेही नाही. पोरांना उंडा भरायला शिकवणारं कोणी नाही, आणि याची मला सगळ्यांत जास्त खंत आहे. पुरणपोळी हाताला बघून येते. लाटणाऱ्या हाताशेजारी बसलेलं पोरच ती शिकतं.

आग्रह मात्र आम्ही टिकवला आहे. आमच्याकडे वाढायला ओडिशातला एक मुलगा आहे. आला तेव्हा मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पंगतीत वाढताना काय म्हणायचं ते मी त्याला शिकवलं. ‘सावकाश होऊ द्या.’ ‘मसालेभात आणू का गरम?’ ‘आजी, अर्धी तरी घ्या.’ आता तो इतक्या आर्जवानं म्हणतो की माणसं खरंच अर्धी घेतात. बाहेर वेटिंग असताना ‘सावकाश होऊ द्या’ म्हणू नकोस, असं काउंटरवरून त्याला एकदा सांगितलं गेलं. मी जाऊन बोलले. टेबल दहा मिनिटं उशिरा सुटेल, पण ते वाक्य राहील. ते राहिलं.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. कोरोनाच्या टाळेबंदीचा तो पहिलाच दिवस. हॉल तर आधीच बंद झाला होता, आणलेला चक्का आणि डाळ वाटून टाकली होती. पुढच्या वर्षी १३ एप्रिलच्या पाडव्याला फक्त पार्सल होतं. चौघींच्या जागी दोघी, तोंडाला फडकं, समोर डबेच डबे. त्या दिवशी पोळ्या केल्या, पण ताटात पडलेली एकही बघितली नाही. मग २०२२. सरकारनं सगळे निर्बंध उठवले तेच नेमके २ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी. त्या दिवसाची गर्दी मी जन्मात विसरणार नाही. दोन वर्षांनी भेटणारी माणसं मिठ्या मारत होती, काही टेबलांवर एक खुर्ची रिकामी ठेवली होती. एका बाईंनी रिकाम्या खुर्चीपुढेही ताट वाढायला सांगितलं. वाढप्यानं विचारलं नाही, वाढलं. आम्ही चौघी दुपारी चारपर्यंत तव्यापुढून हललो नाही. सव्वाचारला पुरण संपलं तेव्हा आमच्यासाठी पोळी उरलेली नव्हती. आम्ही कट आणि भात खाल्ला.

त्या रात्री गाडीत मला आईची खोली आठवत राहिली. ज्या आजींना तव्यावरची पोळी मिळाली याचा मला इतका आनंद झाला होता, त्यांच्या जागी आता कोण उभं होतं? आम्ही. एका बाईला पहिल्या पंगतीत बसवायला दुसऱ्या बाईला शेवटी बसावं लागत असेल, तर हिशेब अजून पुरा झालेला नाही. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की आमच्या कामाचा आकडा बिलात असतो. जिथे आकडा असतो तिथे बोलता येतं. घरच्या पुरणाला आकडा कधी पडलाच नाही, म्हणून त्याबद्दल कधी कोणी बोललंही नाही.

आम्ही चौघी मालकांकडे गेलो. भांडायला नव्हे. मालक चांगले आहेत, त्यांची आईसुद्धा पूर्वी ऑर्डरीच्या पोळ्या करायची. मी म्हटलं, “दादा, चार गोष्टी आहेत. सणाला पाचवी बाई हवी. सणाच्या दिवशी दुप्पट रोज हवा. पहिल्या घाण्यातल्या आमच्यापुरत्या पोळ्या काढून ठेवायच्या नाहीत. चारला शटर अर्धं ओढायचं आणि आम्हाला, वाढप्यांना, भांडी घासणाऱ्या पोरांना हॉलमध्ये टेबलावर बसवून ताजी पोळी वाढायची. आणि वर्षातला एक सण प्रत्येकीला सुट्टीचा, पाळीनं.”

पाचवी बाई आणि टेबलावरचं जेवण लगेच मिळालं. ताजी पोळी कोण भाजणार, असा प्रश्न आला तेव्हा मालकांच्या सूनबाई म्हणाल्या, मी भाजते. सुरुवातीला त्यांच्या पोळ्या फुगायच्या नाहीत, आता फुगतात. दुप्पट रोजाचं दिवाळीपर्यंत चाललं. शेवटी दीडपटीवर ठरलं, आणि त्यावर मी समाधानी नाही, दरवर्षी पुन्हा विषय काढते. सुट्टीच्या चिठ्ठ्या टाकल्या. कळव्याहून येणारीला भाऊबीज मिळाली, तिनं चिठ्ठी वाचून डोळ्यांना पदर लावला. तिचे तीन भाऊ.

मला होळी मिळाली आहे. बहीण बोरिवलीला असते, या वेळी सगळे तिच्याकडे जमणार. होळीला दाखवायच्या नैवेद्याच्या चार पोळ्या माझा मुलगा आणि सून मिळून करणार आहेत. गेले दोन रविवार दोघांना बसवून उंडा भरायला शिकवते आहे, मुलाचा हात सुनेपेक्षा बरा चालतो. बाकी जेवण बाहेर, हे मीच ठरवलं. सून म्हणाली, कुठलं हॉटेल सांगू, आई? मी म्हटलं, नाव काहीही असो, फोन करून आधी एवढं विचार, पोळ्या आधी करून रचून ठेवता का, की तव्यावरून एकेक येते. आणि हेही विचार की पोळ्या करणाऱ्या बायका किती आहेत. दोनच असतील तर दुसरीकडे फोन लाव.